शनिवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ: विसावा आणि विश्वासाच्या सवयी घरात कशा लावाव्यात

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तासगावजवळ धाकट्या भावाच्या द्राक्षबागेत गेले होते. माल उतरून आठ दिवस झाले होते. वेलींवर नुसती पानं, तीही कडेनं पिवळी पडत चाललेली. आता लगेच खरड छाटणी, म्हणजे एप्रिलची छाटणी, धरायची असेल असं मला वाटलं. भाऊ म्हणाला, "न्हाई आक्का, आत्ता बागंला इसावा दिलाय. तीन आठवडं कातरी लावायची न्हाई."

"म्हणजे काहीच करायचं नाही?"

"काहीच कसं? पाणी हाय, खत हाय. पानं आपलं काम करत्यात. आपुन मधी मधी करायचं न्हाई."

मग त्यानं समजावून सांगितलं. घड पोसताना वेल रिकामी होते. काढणी झाल्यावर राहिलेली पानं अन्न तयार करतात आणि ते खोडात, ओलांड्यात, मुळांत साठतं. घाईनं एप्रिलची छाटणी उरकली तर फुटी मागेपुढे निघतात, काड्या लेच्यापेच्या होतात. आणि पुढच्या हंगामाचा घड त्या काडीच्या डोळ्यात उन्हाळ्यातच बसलेला असतो, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो फक्त बाहेर येतो. म्हणजे मार्चमधल्या विसाव्याचा हिशेब पुढच्या फेब्रुवारीत लागतो.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायावर मी आजवर किती उपदेश ऐकले असतील! द्राक्षवेल, फाटे, छाटणी, जाळून टाकलेल्या वाळक्या फांद्या, सगळं ऐकलं. बागायतदार छाटणीच्या आधी वेलीला विसावा देतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भावानं वापरलेला शब्द तर आपल्याला चांगला ओळखीचा आहे. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात कष्टी आणि भाराक्रांत जनांना प्रभू येशू जे देऊ करतो, त्याला मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, विसावाच म्हटलं आहे.

तेव्हा हा लेख विसाव्याबद्दल आहे, आणि त्याच्या आधारानं लागणाऱ्या सवयींबद्दल. मी मिरजेत राहते, तीस वर्षं नर्स म्हणून ड्युटी केली. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये इथं इस्पितळ उभं केलं आणि आमच्या गावातलं ख्रिस्ती जीवन बरंचसं दवाखान्याभोवती वाढलं. त्यामुळे सेवा म्हणजे काय हे आम्हाला बाळकडूतच मिळालं. थांबणं कुणी शिकवलं नाही. दमलेला माणूस आमच्याकडे भक्तिमान समजला जातो.

मीही तशीच होते. एका वर्षी नाताळच्या आधीच्या रविवारी, सलग चार नाइट करून, मी शब्बाथशाळेच्या (मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाच्या) नाटकाची तालीम घेत होते. त्याआधी गायनमंडळ, त्यानंतर महिला मंडळाची करंजी. देवदूत झालेली आठ-नऊ वर्षांची मुलगी पुढं आली आणि वाक्य विसरली. दुसऱ्यांदा विसरली. तिसऱ्यांदा मी जी ओरडले, त्यात तिच्या पाठीवरचा पुठ्ठ्याचा पंख थरथरताना मला दिसला. तिचं वाक्य होतं, "भिऊ नका."

मी घरी येऊन रडले. पण खरं सांगायचं तर त्यानंतरही बरेच महिने मी काही बदललं नाही, फक्त जास्त प्रार्थना करायचं ठरवलं. म्हणजे दमलेल्या बैलावर आणखी एक पोतं. खाली जे लिहिलं आहे ते त्यानंतरच्या काही वर्षांत, चुकत-माकत, आमच्या घरात बसलेलं आहे.

पहिली पायरी: आठ दिवस फक्त लिहून काढा

काहीही बदलू नका. साध्या पानांची का असेना, एक वही घ्या आणि रोज रात्री चार गोष्टी लिहा: काल किती वाजता झोपलात, आज किती वाजता उठलात, फोन किती वेळ हातात होता (तो आकडा फोनच सांगतो) आणि आज कुणावर चिडलात. चौथ्या रकान्यात नाव आणि वेळ दोन्ही लिहा.

माझ्या वहीत आठ दिवसांत अकरा नोंदी निघाल्या. त्यातल्या आठ संध्याकाळी सहा ते साडेआठमधल्या होत्या आणि सात सासूबाईंच्या नावावर. मी ज्याला वर्षानुवर्षं "माझा स्वभावच तापट" म्हणत होते, त्याला ठरावीक वेळ होती. पेशंटचा ताप रोज संध्याकाळी चढत असेल तर आम्ही चार्ट बघतो, त्याच्या स्वभावाला दोष देत नाही.

दुसरी पायरी: आधी झोप

भक्तीवरच्या लेखात झोप कुठून आली, असं वाटेल. पण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात दिवस मोजलाय तो "संध्याकाळ झाली व सकाळ झाली" असा. दिवस रात्रीनं सुरू होतो. आपण झोपलेलो असतो तेव्हा देवाचं काम चालू झालेलं असतं, आपण सकाळी उठून त्यात जाऊन मिळतो. स्तोत्र 127 मध्ये पहाटे उठून, उशिरा बसून कष्टाची भाकर खाणाऱ्याला तर सरळ सांगितलंय की हे व्यर्थ आहे.

एलीया संदेष्ट्याचं उदाहरण मला नर्स म्हणून फार आवडतं. 1 राजे 19 मध्ये तो झुडपाखाली बसून "आता मला मरण दे" म्हणतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. होरेब डोंगरावरची देवाची ती मंद वाणी त्यानंतर, चाळीस दिवसांनी. आधी झोप, मग भाकर, मग चालणं आणि शेवटी बोलणं, हा क्रम लक्षात ठेवा.

करायचं काय? झोपायची वेळ ठरवा, उठायची आपोआप ठरते. फोन झोपायच्या खोलीत नको. आमचा स्वयंपाकघरात फ्रिजवर असतो, आणि गजरासाठी बाजारातलं साधं घड्याळ आणलं. रात्रपाळी करणाऱ्यांनी सकाळी घरी आल्यावर खिडकीला जाड चादर लावून आधी झोपावं. नाइट करून थेट नऊच्या उपासनेला पहिल्या बाकावर बसून डुलक्या घेण्यात मला तरी काही पुण्य दिसत नाही. प्रेषितांच्या कृत्यांतला युतुख नावाचा तरुण प्रेषित पौलाच्या लांबलेल्या भाषणात झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. आपल्याकडे मजला नाही एवढंच. त्या दिवशी झोपा आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला जा.

एक सांगून ठेवते. पुरेसा वेळ मिळूनही दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर डॉक्टरांना दाखवा. त्याला विश्वास कमी पडला म्हणू नका आणि दुसऱ्यालाही म्हणू देऊ नका. स्तोत्र 88 वाचा, ते अंधार या शब्दावर संपतं, तरी ते शास्त्रात आहे. प्रार्थना आणि गोळी यांचं भांडण नाही.

तिसरी पायरी: आठवड्यातले चोवीस तास

इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळी गुंतागुंत इथंच आहे.

शब्बाथ या मूळ इब्री शब्दाचा अर्थच थांबणं असा आहे. दहा आज्ञा शास्त्रात दोनदा येतात आणि विसाव्याचं कारण दोन ठिकाणी वेगवेगळं दिलंय. निर्गम या पुस्तकाचा 20वा अध्याय म्हणतो, देव सातव्या दिवशी थांबला म्हणून थांबा. अनुवाद या पुस्तकाचा 5वा अध्याय म्हणतो, तू मिसरात (इजिप्तमध्ये) दास होतास हे आठव, आणि तुझ्याप्रमाणे तुझ्या दासाला नि दासीलाही विसावा मिळू दे. त्या यादीत बैल आहे, गाढव आहे.

बैलाचं आमच्या भागात नवीन सांगायला नको. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी माझे आजोबा बैलांची खांदमळणी करायचे. हळद-लोणी घेऊन जिथं जू टेकतं तो खांदा अंगठ्यानं हळूहळू मळायचे, बैल डोळे मिटून उभा. दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही म्हणजे नाही. आमचं घर ख्रिस्ती, सणाची पूजा नव्हती, पण खांदमळणी चुकली नाही. "माझे जू सोयीचे" हे प्रभूचं वचन ज्यानं जुवानं सुजलेला खांदा बघितलाय त्याला वेगळं ऐकू येतं. नीट न बसणारं जू हलकं असलं तरी सोलतं.

आता प्रश्न असा की आपल्या घरात बैलाच्या जागी कोण आहे? रविवारी उपासनेनंतर बाप्ये पेपर घेऊन बसतात, मुलं टीव्हीसमोर, आणि घरातली बाई दुपारी दोनपर्यंत मटणाच्या पातेल्यासमोर. तिचा सगळ्यात कष्टाचा वार म्हणजे प्रभूचा दिवस. एका माणसाच्या कंबरड्यावर बाकीच्यांचा शब्बाथ पाळला जात असेल तर अनुवाद 5 पाळला गेला असं मी मानत नाही. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना मी हे एकदा बोलून दाखवलं, ते हसले आणि म्हणाले, "आमच्या पाळकबाईंसमोर नका बोलू."

मार्ग मान्नाच्या, म्हणजे रानात देवानं इस्राएल लोकांना दिलेल्या अन्नाच्या, गोष्टीत आहे. निर्गम 16 मध्ये सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचं होतं. म्हणजे विसाव्याची तयारी आदल्या दिवशी आणि सगळ्यांनी मिळून. आमच्या घरी ती अशी चालते.

शनिवारी दुपारी चारला सुरुवात. कांदा-खोबरं भाजून वाटण करून ठेवायचं. मटण शनिवारीच आणून शिजवून फ्रिजमध्ये, रविवारी फक्त फोडणी आणि उकळी. रस्सा मुरल्यावर जास्तच चांगला लागतो, हे सासूबाईंनीही आता कबूल केलंय. सुरुवातीला "रविवारी चूल पेटली न्हाई म्हंजे काय सुतक हाय का घरात?" असं दोन महिने ऐकून घ्यावं लागलं. भाकरीचं काय करायचं हा खरा पेच होता. शाळूची कडक भाकरी आठवडाभर टिकते, ती विकत मिळते, रश्श्यात चुरून छान लागते. नाहीतर बेकरीचा पाव. ताट ज्याचं त्यानं घासायचं, पातेलं आमच्या ह्यांच्याकडे. उपासनेचे कपडे इस्त्री करून दाराला अडकवलेले, दानाचं पाकीट शास्त्रात, गाडीत पेट्रोल. कामाला येणाऱ्या मावशींना रविवारी सुट्टी, पगार न कापता. हे शेवटचं टाळलंत तर बाकीचं करू नका.

संध्याकाळी दिवेलागणीला सगळे दहा मिनिटं एकत्र बसतो. एक गीत, एक स्तोत्र, आणि प्रत्येकानं आठवड्यातली एक गोष्ट सांगायची जी अर्धवट राहिली. "वीजबिल भरायचं राहिलं." "गणिताची वही पूर्ण नाही." "नणंदेला फोन केला नाही." ती गोष्ट मोठ्यानं बोलायची आणि तशीच सोडायची, सोमवारपर्यंत. माझ्या मते सगळ्या सवयींत सगळ्यात अवघड ही. पहिल्या शनिवारी माझा मुलगा म्हणाला, "आई, तू यादी संपवच ना आधी!"

मग रविवार संध्याकाळपर्यंत कमावण्याचं, हिशेबाचं, खरेदीचं काम नाही. उपासना, प्रभुभोजन (चर्चमधला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) असेल तर ते, जेवण, दुपारची झोप बिनदिक्कत. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर किंवा हरिपूरला संगमावर चालायला. पाहुणे आले तर आले, पण त्यांनीही कडक भाकरीच खायची.

याचा कायदा करू नका. शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही, असं प्रभूनं सांगितलं आणि त्याच दिवशी माणसं बरी केली. शेजारची म्हातारी पडली तर उचलायला धावा. मुलांना "आज खेळायचं नाही" म्हणू नका. माझ्या लहानपणी एका घरात रविवारी विटी-दांडू बंद असायची. त्या घरातली चारही मुलं मोठी झाल्यावर चर्चला फिरकली नाहीत. फक्त विटी-दांडूमुळे असं म्हणणार नाही, पण त्याचा हात असावा.

ज्यांना रविवार मिळत नाही त्यांचं काय? नर्स, ड्रायव्हर, हॉटेलात काम करणारे, गळीत हंगामात कारखान्यावर पाळी असणारे. त्यांनी जीव खाऊ नये. पहिली तीनशे वर्षं बहुतेक ख्रिस्ती लोकांना रविवारी सुट्टी नव्हतीच. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं रविवारी थांबण्याचा हुकूम काढला तो इ.स. 321 मध्ये, आणि त्यातूनही शेतकऱ्यांना सूट होती. त्याआधीचे विश्वासणारे उजाडायच्या आत जमायचे, प्रार्थना करायचे आणि कामाला जायचे. तेव्हा रोटा हातात आला की आधी सुट्टीचा वार बघा आणि आदल्या संध्याकाळपासूनचे चोवीस तास त्यावर धरा. मंगळवार आला तर मंगळवार. मी वर्षानुवर्षं तसंच केलं. फक्त मंडळीपासून, म्हणजे चर्चमधल्या आपल्या लोकांपासून, तुटू नका. महिन्यातून एखादा तरी रविवार मागून घ्या, बदली द्या, ओव्हरटाइमचे पैसे सोडा.

पूर्ण दिवस जमतच नसेल तर चार तासांपासून धरा. शनिवारी संध्याकाळी सहा ते दहा. दोन महिन्यांनी वाढवा.

चौथी पायरी: सकाळचा पाव तास

मार्क 1:35 मध्ये प्रभू पहाटे अंधारात उठून एकांतात गेला. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी गोळा झालं होतं, आणि शिष्य शोधत आले ते "सगळे तुम्हाला शोधत आहेत" म्हणत. व्हॉट्सॲप नव्हतं, बाकी परिस्थिती तीच.

पाव तास पुरतो. एक ठरलेली जागा असावी. माझी मागच्या दारची पायरी, शेगडीवर चहा ठेवायच्या आधी. छापील शास्त्र घ्या. फोनवर उघडलं की वरून "शुभ सकाळ" आणि गुलाबाच्या फोटोवरचं वचन येतं, तुम्ही ते पाच ग्रुपवर पाठवता आणि शास्त्रवाचन झालं असं मनाला वाटतं.

वाचायचं किती? शास्त्रात 1,189 अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर वर्षात संपतात. हा हिशेब बरोबर आहे आणि मी तीनदा लेवीय या तिसऱ्या पुस्तकात अडकून सोडलाय. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. बाकीच्यांनी मार्कचं शुभवर्तमान घ्यावं. सोळाच अध्याय आहेत, एका बसणीत एकच प्रसंग. तो मोठ्यानं वाचा, ओठ हलवून, शाळेतल्यासारखा. थोडं थांबून पुन्हा वाचा. तिसऱ्यांदा वाचताना जो शब्द अडेल तो वहीत लिहा आणि दिवसभर बरोबर न्या. अर्थ काढायची घाई नको. होडीत उशाला उशी घेऊन प्रभू झोपला होता, ही "उशी" मला एका पावसाळ्यात दोन आठवडे पुरली.

मग दोन मिनिटं गप्प. याला स्तोत्र 131 बरं, तीनच ओव्यांएवढं आहे. दूध तुटलेलं मूल आईजवळ असतं तसा माझा जीव शांत आहे, असं त्यात आहे. दूध तुटलेलं, म्हणजे काही मागायला न आलेलं, नुसतं मांडीवर बसलेलं.

गाऊन घेणाऱ्यांनी गावं. आपल्याकडे अभंग आणि भजनाची फार चांगली रीत आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला आले आणि तिथं त्यांनी देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. ख्रिस्ताची भक्ती मराठी गळ्यातून झाली पाहिजे हा त्यांचा ध्यास होता. पहाटे पेटी काढली तर मात्र शेजाऱ्यांचा विचार करा.

पाचवी पायरी: हात धुताना

हे अगदी छोटं आहे, पण माझ्या ड्युटीत याच्याइतकं उपयोगी काही ठरलं नाही. साबणानं हात नीट धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात, असं जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. प्रभूची प्रार्थना घाई न करता म्हटली तर जवळजवळ तेवढाच वेळ जातो. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणताना तळवे, "रोजची भाकर" येईपर्यंत बोटांच्या बेचक्या, "आमची ऋणे सोड"पाशी अंगठे, शेवटी नखं आणि मनगटं. एका शिफ्टमध्ये तीसेक वेळा. मग पुढच्या बेडकडे.

तुम्ही नर्स नसाल तर तुमचा नळ शोधा. एसटीचा थांबा, दुकानाचं शटर, दूध तापायला ठेवलेलं पातेलं. रोज होणारी आणि एखादं मिनिट खाणारी कुठलीही गोष्ट चालते.

सहावी पायरी: रात्रीची उजळणी

सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली ही पद्धत. ते कॅथलिक आणि आम्ही प्रॉटेस्टंट, पण चांगली गोष्ट उचलायला काय हरकत? दिवा मालवायच्या आधी पाच मिनिटं. आज कशाबद्दल उपकार मानू? आज देव कुठं जवळ होता आणि मी कुठं त्याला सोडून पळाले? उद्या काय दुरुस्त करायचं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शक्यतो एका माणसाच्या नावानं द्या.

माफी मागायची असेल तर सकाळी दहाच्या आत मागा, दुपारनंतर कारणं सुचायला लागतात. आणि "तुला वाईट वाटलं असेल तर" हे शब्द नकोत. "मी काल तुमच्यावर ओरडले, ते चुकलं" एवढं पुरे. सासूबाईंना पहिल्यांदा हे म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं वाटतंय न्हवं तुला? बीपी तपास."

सातवी पायरी: एकच फळ

गलतीकरांच्या पत्रात आत्म्याची फळं म्हणून नऊ गोष्टी आहेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. मूळ ग्रीकमध्ये फळ हा शब्द एकवचनी आहे, घडातल्या मण्यांसारखे ते एकत्र येतात. तरी लक्ष ठेवायला एकच घ्या, तीन महिन्यांसाठी. पहिल्या पायरीची वही काढा, चौथा रकाना बघा, कुठलं घ्यायचं ते तिथं लिहिलेलं आहे. मी सौम्यता घेतली, संध्याकाळी सहा ते साडेआठ या वेळेपुरती आणि सासूबाईंपुरती. सगळ्या जगाशी सौम्य व्हायचं ठरवलं असतं तर मंगळवारपर्यंत संपलं असतं.

त्यासाठी दात खाऊन प्रयत्न केला नाही. साडेपाचला घरी आल्यावर वीस मिनिटं आडवी व्हायला लागले, मग स्वयंपाकघरात जायचं. अकरा नोंदींच्या चार झाल्या. वेल फळासाठी जोर करत नाही, असं भाऊ सांगेल.

घरातल्या एका माणसाला दर महिन्याला विचारा, "काही फरक वाटतो का?" आणि उत्तर ऐकून वाद घालू नका. आमचे हे पहिल्यांदा म्हणाले, "फार नाही." मला राग आला, तो वहीत लिहिला.

राहिलेल्या दोन गोष्टी

उपवास. उपवासकाळात (ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत) किंवा शुक्रवारी एक वेळचं जेवण सोडणं चांगलं, त्या वेळात प्रार्थना आणि त्या जेवणाचे पैसे गरजूला. यशया 58 मध्ये उपवासाचा अर्थच भुकेल्याला भाकर देणं असा आहे. मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण सोडू नये. शुगर उतरून वॉर्डात आलेले विश्वासू मी पाहिलेत. त्यांनी फोनचा उपवास करावा, तो जास्त झोंबतो.

दुसरी गोष्ट, नाही म्हणणं. मंडळीत काम करणारे दहा आणि बसणारे शंभर, हे सगळीकडेच. त्या दहांत तुम्ही असाल तर एक जबाबदारी ठेवा, दुसरी मुदत संपताच सोडा. येशूच्या पाहुणचारात गुंतलेली मार्था वाईट नव्हती, तिचं मन पुष्कळ गोष्टींत ओढलं जात होतं, असं लूक सांगतो. मी शब्बाथशाळा ठेवली आणि गायनमंडळ सोडलं. दोन महिने मंडळ बेसूर गायलं. आता एक तरुण पोरगा घेतो, माझ्यापेक्षा बरा घेतो.

सुरुवात कधी करायची

नाताळच्या आठवड्यात नको, लग्नसराईत नको, ऊस तुटायला आलेला असताना तर नकोच. आणि सातही पायऱ्या एकदम नकोत. पहिला महिना वही आणि झोप. दुसऱ्या महिन्यात शनिवारचे चार तास. सकाळचा पाव तास तिसऱ्यात. बाकीचं त्यानंतर. मधे दोन आठवडे चुकले तर चुकलेलं भरून काढायला बसू नका, पुढच्या शनिवारी जिथं आहात तिथून धरा. शिळा मान्ना किडतो.

बाग बघून परत निघताना भावाला विचारलं, शेजारच्यानं तर छाटणी सुरू केली, तुला घाई नाही होत?

"हुती की," तो म्हणाला. "म्हनून तर कातऱ्या धार लावायला देऊन टाकल्यात. घरात ठेवल्या तर हात शिवशिवतोय."

मी घरी येऊन ड्युटीची बॅग, लॅपटॉपची बॅग आणि घरखर्चाची डायरी या तिन्हींसाठी पलंगाखाली एक पत्र्याची पेटी केली. शनिवारी सहाला ती बंद होते. किल्ली सासूबाईंकडे असते.